रूळ कोनाकडं हाय?

पदाकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी पदाकाकाच झालो होतो. म्हणजे करंजाड्याला एका हॉलमध्ये साखरपुडा होता, दुपारच्या पंगती चालू होत्या आणि मी माईकवर त्यांची नक्कल करत होतो. एक खांदा वर, हनुवटी छातीत, डावा डोळा बारीक... खिशात फोन थरथरत होता, मी तीनदा कापला. चौथ्यांदा काढून बघितला तर त्यांच्या मुलीचं, सुनीताताईंचं नाव. त्या एवढंच म्हणाल्या, "बाबा गेले रे. झोपेतच." मी "बरं" म्हणालो. ते "बरं" माझ्या आवाजात निघालं की काकांच्या, मला अजून आठवत नाही. मग काकांच्या बॉक्सिंग क्लासच्या पोरांना फोन लावले, तर एकानेही विश्वास ठेवला नाही. चूक त्यांची नव्हती. गेली सहा वर्षं मी काकांचा आवाज काढून ह्याच पोरांना फोन करत आलोय, "उद्या कर्नाळ्याच्या पायथ्याशी पलायला या" म्हणून, आणि बिचारे जाऊन उभे राहिलेलेही आहेत. "टेप, मस्करीला पण लिमिट असते," एकजण म्हणाला आणि फोन ठेवला. शेवटी सुनीताताईंनी स्वतः ग्रुपवर टाकलं, तेव्हा सगळे धावले.

टेप हे नाव काकांनीच ठेवलेलं. खांदा कॉलनीत एका बिल्डिंगच्या खालच्या गाळ्यात त्यांचा बॉक्सिंगचा क्लास होता. चार बॅगा, एक आरसा, आणि दाराजवळ छताच्या हुकाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा, तीच बेल. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला तिथे गेलो, कारण वर्गात कोणीतरी मला काडी म्हणालं होतं. दुसऱ्याच दिवशी नाकातून रक्त. मी कोपऱ्यात नाक धरून बसलो आणि बाकीच्यांना हसवायला काकांच्या आवाजात बोलायला लागलो, "गार्ड वर! थोबाड काय भाड्यानं दिलंय?" पोरं हसायची एकदम थांबली. वळून बघतो तर काका मागे. मला वाटलं, आता उरलेलं नाक पण गेलं. तर ते माझ्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "आरं, ह्यो तर टेप हाय! पोरा, बॉक्सिंग तुझ्यानं होनार नाय. पन रोज येत जा. मी काय बोल्लो, ते माझ्याच लक्षात ऱ्हात नाय."

म्हणून मी रोज गेलो. सहा वर्षांत एक धड पंच शिकलो नाही, पण जुने बॉक्सर सगळे शिकलो. पोरं घामाघूम होऊन बसली की काका एकेकाला उभं करायचे. म्हणजे स्वतःच उभे राहायचे, आणि तो माणूस व्हायचे. त्यांच्या तरुणपणी भात कापून झालं की रिकाम्या शेतात रिंग लागायची. खांब सुरूच्या झाडाचे, दोर होड्यांचे. हाताची कातडी कडक व्हावी म्हणून मिठागराच्या पाण्यात मुठी बुडवून बसायचे. ग्लोव्हज दोनच जोड्या, त्या पनवेल बाजारातल्या एका इस्माईल टेलरने रेक्झिन शिवून, आत कापूस कोंबून बनवलेल्या. इस्माईल स्वतः पण खेळायचा, आणि मारताना समोरच्याला सांगायचा, "मियां, जरा प्यार से, शिलाई उसवेगी." मी इस्माईल टेलरला कधी बघितलं नाही. माझ्या जन्माच्या आधीच तो गेला. पण त्याचा आवाज मी काढतो, आणि बाजारात एका म्हाताऱ्या चाचांनी तो ऐकून डोळे पुसले होते. मग तो बरोबर असणार... की त्या चाचांना नुसतं म्हातारपणी रडायला येत होतं?

पण सगळ्यात हिट आयटम म्हणजे उरणच्या हसूरामची फाईट. हसूराम कोळ्यांचा, काकांच्या जोडीचा. पनवेल-उरणची सगळी गावं त्या फाईटला जमली होती म्हणे. काका सांगायचे, "पैल्या राउंडला तो माझ्या वासानं घाबरला. दुसऱ्याला मी त्याच्या. तिसऱ्याला मी हितं दिला एक..." असं म्हणत माझ्या बरगडीला बोट लावायचे. "आनि हसूराम बसला ना खाली! बसल्या बसल्या वर बघून मना इचारतो, बेल झाली का रं?" पोरं लोळायची. मग काका उठायचे, त्या फाईटीत बेल म्हणून वाजलेल्या ह्याच रुळाला हातोडी मारायचे आणि तो वाजत असतानाच त्याच्यावर तळवा ठेवून त्याला गप्प करायचे. "आता सांगा, त्या फाईटीचा रूळ कोनाकडं हाय?" आम्ही ओरडायचो, "तुमच्याकडं!" "मंग जा घरी." गोष्ट रोज तिथेच संपायची.

मी ती स्टेजवर नेली. हळदीत, साखरपुड्यात, गावच्या जत्रेत. माझा हसूराम म्हणजे रेड्यासारखा जाडा, घोगरा आणि तोतरा. "बे-बे-बेल झाली का रं?" तिथे असा हशा पडायचा, की शिट्ट्या थांबायच्या नाहीत. आणि शेवटी मी काकांच्या आवाजात दोन्ही हात वर करून म्हणायचो, "जिंकला कोण? पदा!"

दहाव्याला तळ्याच्या घाटावर आम्ही सगळे होतो. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या झाडावर पाच-सहा बसलेले, इकडे ढुंकून बघत नव्हते. पुतण्याने हात जोडून सांगितलं, तुमच्या बकऱ्या मी बघीन. सुनीताताईंनी सांगितलं, क्लास बंद नाही करणार बाबा. ऊन चढायला लागलं. भटजी घड्याळ बघत होते. कोणीतरी बोललं, "टेपला सांगा, त्याच्यावर फार जीव होता." काय वचन देणार मी? मला जे येतं तेच केलं. खांदा वर घेतला, डोळा बारीक केला आणि हसूरामची फाईट सुरू केली. घाटावर, टक्कल केलेल्या माणसांसमोर. आणि खरं सांगतो, लोक हसले. सुनीताताई पदराने तोंड दाबून हसत होत्या, रडत पण होत्या. "बे-बे-बेल झाली का रं?" झालं, "जिंकला कोण? पदा!" झालं...

कावळा हलला नाही.

मागे पायरीवर एक म्हातारा बसला होता. काटकुळा, पांढरा शर्ट इस्त्रीचा, खिशाला पेन. मला वाटलं, कुठल्या शाळेचे रिटायर मास्तर असतील. ते उठून पुढे आले आणि अगदी स्वच्छ, हळू आवाजात म्हणाले, "बाळा, मी कधी तोतरा नव्हतो रे."

काकांसारखा वर घेतलेला खांदा मी खाली सोडला.

"मी बसलो होतो, ते खरं हाय," हसूराम म्हणाले. "तिसऱ्यात बसलो. बेल झाली का, ते पण इचारलं. पन चौथा राउंड नाय सांगितला का त्याने?" मी नाही म्हणून मान हलवली. चौथा? "चौथ्यात तो पडला. आडवा. दहा मोजून झाले तरी उठला नाय."

"मग रूळ त्यांच्याकडे कसा?" सुनीताताईंनी विचारलं. त्यांचा आवाज असा आला, जसं कोणी त्यांच्या घरातली भिंत हलवतंय. हसूराम त्यांच्याकडे वळले. "पोरी, रूळ हरनारा न्यायचा. तसाच रिवाज होता. जो हरला त्याने रूळ घरी न्यायचा, आनि पुढची फाईट त्याच्या गावात लावायची, समोरच्याला बोलवायचं. मी वाट बघत होतो. पुढं मी पोर्टात लागलो, मिठागरं गेली, शेतं गेली... त्याने काय बोलावलं नाय."

मी तिथेच पायरीवर बसलो. डोक्यात सहा वर्षांची टेप उलटी फिरवत होतो. काका कधी म्हणाले होते का, "मी जिंकलो"? एकदा तरी? मी सगळी वाक्यं चाळली. "रूळ कोनाकडं हाय" होतं. "मंग जा घरी" होतं. "जिंकला कोण, पदा" हे माझं होतं. तोतरेपण माझं होतं. जाडेपण माझं. म्हणजे काका रोज आम्हाला सांगत होते की मी हरलो, आणि आम्ही रोज टाळ्या वाजवत होतो? की आम्हाला रिवाज माहीत नाही हे ओळखून ते मजा घेत होते? की त्यांना लाज वाटत होती? ह्यातलं काय, कोणाला विचारायचं?

हसूराम तेवढ्यात पिंडापाशी जाऊन वाकले. हात जोडले नाहीत, दोन मुठी छातीजवळ धरल्या, गार्ड घेतात तशा. "पदा, रूळ मी नेतो," ते म्हणाले. "पुढची फाईट माझ्या अंगनात."

कावळा आला. आला, शिवला, गेला. सगळे एकदम बोलायला लागले, ह्याच्यासाठीच अडलं होतं बघा. असेल. मला तर वाटतं तो आमच्या आरडाओरड्यामुळे लांब बसला होता आणि सगळे गप्प झाल्यावर आला. पण मग हसूराम बोलायच्या आधी पण सगळे गप्पच होते की... मला काही कळत नाही. कावळ्याला बॉक्सिंगमधलं काय कळतं?

तिथून आम्ही रिक्षाने खांदा कॉलनीत आलो. सुनीताताईंनी स्वतः स्टुलावर चढून रूळ काढला. देण्याआधी त्याच्यावरची धूळ पदराने पुसली. हसूरामांनी तो टॉवेलात गुंडाळला. फार जड, म्हणून उरणच्या गाडीपर्यंत मी उचलला. रस्त्यात मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "तेवढं तोतरं काढून टाक. बाकी बरं करतोस. आनि मला जाडा कर, चालंल. मला आयुष्यभर जाडं व्हायचं होतं."

ते गाडीत बसले, रूळ मांडीवर. मी खिडकीतून विचारलं, "पण काका, आता नक्की जिंकलं कोण?" कारण रूळ त्यांच्याकडे म्हणजे हरले ते, पण चौथ्यात पडले आमचे काका, आणि जी फाईट झालीच नाही ती... माझं गणित शाळेतपण कच्चं होतं. त्यांनी टॉवेलावर तळवा ठेवला. डावा डोळा बारीक केला. शपथेवर सांगतो, अगदी आमच्या काकांसारखा.

"रूळ कोनाकडं हाय?" ते म्हणाले, आणि गाडी सुटली.

आता महिना होत आला. क्लास सुरू आहे. मोठी पोरं छोट्यांना शिकवतात, सुनीताताई संध्याकाळी चावी घेऊन येतात. नवीन बेल आणू म्हणाल्या, ऑनलाईन चांगली मिळते, राउंडचा टाइम पण दाखवते. पोरं नको म्हणाली. हूक तसाच रिकामा आहे. मग राउंड कसे सुरू होणार आणि संपणार? तर मी त्या हुकाखाली उभा राहतो, घड्याळात बघतो आणि तोंडाने वाजवतो. ठण्ण... त्या रुळाचा पहिला घाव, मागून येणारी लांब गुणगुण, सगळं जमतं मला. पोरं खरंच हात खाली टाकतात. पण आवाज कधी थांबवायचा, ते मला अजून जमत नाही. श्वास संपेपर्यंत तो चालूच राहतो.

मग मी काकांसारखाच तळवा उचलतो आणि स्वतःच्या तोंडावर ठेवतो.