विरोध असेल त्यांनी उभं राहावं

“ज्यांचा विरोध असेल त्यांनी उभं राहावं! बसल्या जागी कुरकुर चालणार नाही. मैदान असो की सभा, विरोध असणाऱ्यानं उभं राहायचं!”

उभेसर ओरडत होते आणि ओरडताना स्वतः खुर्चीत बसलेले होते. गळ्यात शिट्टी, पायांत पांढरेशुभ्र बूट. ही आमच्या निवृत्त शाळा कर्मचारी मंडळाची वार्षिक सभा, शाळेच्या दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात. समोर आम्ही सगळे सत्तरीच्या आगेमागे. सगळ्या सभागृहात मिळून एक धड गुडघा निघाला नसता. कुणाचा विरोध असलाच, तर तो आधी काठी शोधणार, मग खुर्चीच्या हातांवर जोर देणार, मग “आई गं” म्हणून अर्ध्यावर येणार. तेवढ्यात सर म्हणत, “कुणीच नाही? मंजूर.” आणि शिट्टी. जगातल्या हुकूमशहांनी पलटणी पोसल्या, रणगाडे आणले. आमच्या या माणसानं निव्वळ संधिवातावर राज्य केलं.

खरं आडनाव वेगळं होतं, पण उभेसर हे नाव त्यांना शाळेपासूनच चिकटलेलं. ते पी.टी.चे शिक्षक. पोरं दिसली की उभी करायची, एवढंच त्यांना येत होतं. बाकावर उभी, उन्हात उभी, अंगठे धरून उभी. त्यांना स्वतःला एक सूर्यनमस्कार घालताना आकाशातल्या सूर्यानंसुद्धा पाहिलेलं नाही. मी त्याच शाळेत चित्रकला शिकवायचो. माझ्या तासाला येऊन त्यांनी एकदा फळ्यावरच्या बैलाकडं पाहिलं आणि मला विचारलं, “हा ताठ का नाही उभा?”

मंडळाचा इतिहास ते दर सभेत सांगत. त्यांचं ऐकलं तर अजिंठ्याच्या लेण्यांना पहिली छिन्नी लागली तेव्हा मंडळाची नोंदणी झालेली होती, आणि अध्यक्ष तेच होते. खरा इतिहास अगदीच किरकोळ आहे. शहागंजात एका चहाच्या हॉटेलात आम्ही पाच-सहा जण बसलो होतो. मंडळ काढायची कल्पना विज्ञानाच्या पाठक सरांची. उभेसर शेजारी सायकलची पंक्चर काढायला आले होते, चहा दिसला म्हणून आत आले. बाहेर हातगाडीवाल्यांचा आणि रिक्षांचा असा कल्ला, की पाठक सर काय बोलतात ते पाठक सरांनाही ऐकू येईना. त्या गोंगाटात फक्त उभेसरांचा आवाज पोचत होता. म्हणून ते अध्यक्ष. आमच्या मंडळाच्या स्थापनेमागं याहून थोर कारण शोधायला गेलात तर हात हलवत परत याल.

सभा दुसऱ्या मजल्यावर का, तर तिथं व्यासपीठ होतं आणि व्यासपीठावर उंच पाठीची खुर्ची होती. तळमजल्यावर चांगले हवेशीर वर्ग रविवारी रिकामे पडलेले. पण उभेसरांचं एक वचन होतं, “ज्याला जिना चढवत नाही, त्यानं मंडळ काय चढवायचं?” दर वर्षी चार-दोन माणसं त्या जिन्याखाली गळत. जे वर पोचत ते पुढचा अर्धा तास फक्त श्वास घेत. सर मात्र आमच्याआधी येऊन खुर्चीत विराजमान झालेले असत, श्वास अगदी संथ. सभा संपली की म्हणत, “तुम्ही व्हा पुढं, मी कुलूप लावून येतो.” आम्हाला वाटे, काय ही प्रकृती, काय हा व्यायामाचा महिमा.

गळालेल्यांत पाठक सरच होते. अर्धांगाच्या झटक्यानं त्यांची डावी बाजू गेली. गणिताच्या पाठक बाई म्हणजे त्यांची बायको, त्या एकट्या यायला लागल्या. एकदा बाई म्हणाल्या, “सभेच्या दिवशी हे सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून बसतात हो. मी पुंडलिकनगरात घरासमोर रिक्षात बसेपर्यंत खिडकीतून बघतात. मग शर्ट काढून ठेवतात.” बाईंनी दोनदा ठराव मांडला, सभा खाली घ्या. दोन्ही वेळा सर म्हणाले, सभा इथंच, विरोध असेल त्यांनी उभं राहावं; बाई उठू लागल्या आणि अर्ध्यावर असतानाच शिट्टी वाजली.

मग बाई काही महिने दिसल्या नाहीत. परतल्या त्या दोन्ही गुडघे बदलून. लोक म्हणाले, फार दुखत होते म्हणून. मी शपथेवर सांगतो, त्या बाईनं ठरावासाठी गुडघे बदलले.

तर त्या सभेत उभेसर ओरडले, सभा याच जागी होत राहील, विरोध असेल त्यांनी उभं राहावं. शिट्टी ओठांपर्यंत गेली आणि तिथंच थांबली. तिसऱ्या रांगेत पाठक बाई उभ्या होत्या. काठी नाही, आधार नाही, फळ्यासमोर राहायच्या तशा.

“माझा विरोध आहे,” बाई म्हणाल्या. “आणि मी बसणार नाहीये. बाकीच्यांना उठायला वेळ लागेल. ते उठेपर्यंत मी अशीच उभी आहे. तोवर शिट्टी वाजवायची नाही, सर.”

आणि सभागृह उठायला लागलं. लाह्या फुटाव्यात तसे गुडघे वाजत होते. कुणी शेजाऱ्याच्या खांद्याला लोंबकळलं, कुणी पुढच्याची खुर्ची धरली, एक जण उठला आणि त्याला धरून उठणारा खाली बसला, मग दोघं पुन्हा उठले. इंग्रजांना देश सोडून जायला एवढा वेळ लागला नसेल. पण शेवटी सगळे उभे होते आणि बसलेला माणूस एकच होता.

“ही शिस्त नाही,” असं म्हणून उभेसर तावातावानं टेबलाला धरून उठले आणि बाहेर पडले. आयुष्यात पहिल्यांदा ते आमच्याआधी निघाले, आणि म्हणून आयुष्यात पहिल्यांदा आम्ही त्यांना जिना उतरताना पाहिलं. दोन्ही हातांनी कठडा धरून, तोंड कठड्याकडं करून, एकेका पायरीवर आधी एक पाय, मग दुसरा. शिडीवरून लहानगं पोर उतरावं तसे. गळ्यातली शिट्टी दर पायरीला कठड्यावर आपटत होती. आम्ही वर कठड्याला टेकून बघत राहिलो. हसायची फार इच्छा होती, पण कुणाला जमलं नाही.

खालून कचरूमामा वर आले. मामा आमच्या शाळेचे शिपाई, आता आमच्यासारखेच निवृत्त आणि मंडळाचे सभासदही आमच्याइतकेच. पण सभेच्या वेळी ते कायम जिन्याखाली स्टुलावर, चपलांपाशी बसलेले. त्यांनी काही न विचारता सरांच्या काखेत खांदा घातला, दुसरा हात बरोबर पट्ट्यावर ठेवला. सरांनीही न बघता भार टाकला. एका दिवसात येणारी ती सफाई नव्हती. आमच्याआधी सर वर कसे पोचायचे, ते आम्हाला तेव्हा कळलं.

पुढची सभा तळमजल्यावर, सातवी अ च्या वर्गात झाली. पाठक सर इस्त्रीच्या शर्टात पहिल्या बाकावर. त्यांनी वाकड्या झालेल्या तोंडानं पहिलं काय विचारावं? “अध्यक्ष कुठंयत?” अध्यक्ष आले नाहीत. त्या सभेला नाहीत, त्यानंतरच्याही नाहीत. पुण्याला मुलाकडं गेले, तिथं लिफ्ट आहे म्हणे.

चहाच्या वेळी मी कचरूमामांना गाठलं. म्हटलं, मामा, इतकी वर्षं त्या माणसाला दोन जिने चढवून वर नेऊन बसवायचात आणि तुम्ही परत खाली येऊन बसायचात. वर आलेलाच होतात, तर वरच का नाही थांबलात?

मामांनी बशीत चहा ओतला.

“सर म्हनायचे, खाली बी कुणीतरी पाहिजे.”