गोदाबाईची विहीर, कमळाबाईचं काहीही

लाकडाच्या डेपोत राहणाऱ्या बाईला घरात भुसा कुठून येतो ते कधी कळत नाही. दार लावा, खिडकी लावा, संध्याकाळी झाडू घेतला की सूपभर निघतोच. आमच्या मंडळींचे किस्सेही तसेच. मुद्दाम कोणी जमवले नाहीत, पण आता झाडायला बसले की निघतात आपले!

अहेरीकडच्या रस्त्याला तेव्हा आमचा डेपो होता. जंगलातून बैलबंड्यांवर सागाचं लाकूड यायचं, सॉ मिलमध्ये चिरलं जायचं, आणि खाली पडलेल्या फळकुटांवर आम्हा क्वार्टरमधल्या बायकांचा डोळा असायचा. कशासाठी? रुखवतासाठी! आसपास कुणाचंही लग्न निघालं की लाडू-करंज्या मुलीच्या घरच्या, पण टेबलावर मांडायची लहान लहान मॉडेलं आमची.

आम्ही चौघी. नाकेदाराची बायको गोदाबाई. ती फक्त विहीर करायची. दुसरं काही नाही. पण विहीर अशी की इवल्याशा रहाटाला बोटानं फिरवलं की इवलीशी बादली खरोखर पाणी घेऊन वर यायची. दुसरी कमळाबाई, सॉ मिलच्या मिस्त्रींची बायको. एकदा केलेली वस्तू पुन्हा करायची म्हटलं की तिचं डोकं दुखायचं. तिसरी शांताबाई मास्तरीण. शाळेतली फूटपट्टी घेऊन यायची आणि सगळ्यांच्या चुका काढायची. चौथी मी, डेपोतल्या क्लार्कची बायको. माझं काम मॉडेलं चिकटवायला सरेस शिजवायचं. त्या वासानं माझ्याकडे पाहुणे कमी यायचे, हा माझा फायदा!

गोदाबाई आणि कमळाबाईचं भांडण कायमचं.

"रोज इहीर, रोज इहीर! रोज वरणभात खाऊन कंटाळा नाई येत व तुले?" कमळाबाई म्हणायची.

"वरणभात बंद करून पाह्य एकदा," गोदाबाई मान वर न करता म्हणायची. "मंग सांगजो मले."

* * *

पोस्टमास्तरांच्या मुलीचं लग्न होतं. मुलाकडच्या बायका रुखवत बघायला आल्या. त्यात नवऱ्या मुलाची एक आत्या होती, नाकात मोठी नथ आणि बोलण्यात त्याहून मोठा काटा. टेबलाभोवती फिरली आणि विहिरीपाशी थांबली.

"काय व बाई," मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "पोरीच्या संगं इहीर काऊन देऊन राह्यले? आमच्या घरी उडी मारायची पाळी येईन असं वाटते काय तुमाले?"

पोस्टमास्तरीणबाईंचा चेहरा पांढरा पडला. मुलीच्या डोळ्यांत पाणी. शुभ दिवशी असा शब्द! मी मनात म्हटलं, गेलं आता लग्न.

गोदाबाई पदर सावरत पुढे आली. एकदम शांत.

"नाई बाई," ती म्हणाली. "तुमच्या गावात पाण्यासाठी नदीपर्यंत जा लागते असं आयकलं. पोरीचे पाय दुखतीन म्हून आमी इहीर घरपोच पाठवून राह्यलो!"

पहिल्यांदा हसला तो नवऱ्या मुलाचा बाप. मग सगळा मांडव. आत्याबाई नथ सावरत पुढच्या लाडवांकडे वळल्या.

* * *

कमळाबाई एकदा नागभीडला भाचीच्या बारशाला जाऊन आली. रेल्वेत बसली ती आयुष्यात पहिल्यांदा. परत आली ती डोळे मोठे करूनच. "आता मी रेल करते!"

पंधरवडाभर दार बंद करून बसली. मग एक दिवस आम्हाला बोलावलं. काय केलं होतं म्हणता! लहानसा डबा. आत बाकं. बाकावर घोंगडी पांघरून झोपलेला म्हातारा. एका बाईच्या मांडीवर कोंबडी. खिडकीला बारीक गज. खाली पानाच्या पिंकेचा लाल डागसुद्धा!

शांताबाईनं चष्मा लावून पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"कमळाबाई, इंजिन कुठे आहे?"

"इंजिन?" कमळाबाई जरा चिडलीच. "मी डब्यात बसली होती मास्तरीणबाई! इंजिन मले कुठून दिसीन?"

* * *

शांताबाईचा स्केलचा हट्ट फार. "वस्तू लहान करायची तर सगळी सारखी लहान करा. माणूस एवढा आणि दार तेवढंच, असं चालत नाही." तिचं बरोबरच होतं. कमळाबाईचे बैल कधी कधी कोंबडीएवढे असायचे.

एकदा एका लग्नासाठी मार्कंड्याचं देऊळ करायचं ठरलं. महाशिवरात्रीच्या जत्रेला आम्ही सगळ्याच जाऊन आलेल्या, त्यामुळे पाहिलेलं होतं. काम चौघींत वाटलं. शांताबाई म्हणाली, "फूटपट्टी एकच आहे, म्हणून सोपं माप सांगते. खरं एक हात, ते आपलं एक बोट."

आठ दिवसांनी चौघी आपापले तुकडे घेऊन जमलो. गोदाबाईचा पाया ऐसपैस. माझ्या भिंती त्याच्या मधोमध हरवल्यासारख्या उभ्या. शिखर कमळाबाईचं, ते भिंतींत शिरून थेट खाली जाऊन बसलं! शांताबाईचं दार कुठेच बसेना.

"बोटानं मोजलं होतं ना?" शांताबाई ओरडली.

आम्ही चौघींनी हात पुढे केले. गोदाबाईचं बोट केळ्यासारखं, माझं शेवग्याच्या शेंगेसारखं.

"हे पाहा," कमळाबाई म्हणाली. "देवानंच स्केल पाळलं नाई, तं आमाले काऊन बोलता?"

शेवटी रात्रीचा दिवस करून शांताबाईनं एकटीनंच देऊळ नीट केलं. आणि लग्नाच्या दिवशी कमळाबाईनं त्याच्या पायऱ्यांवर सुपारीची नवरानवरी नेऊन ठेवली. नवरी शिखराच्याही वर!

"अगं, देवळापेक्षा नवरी मोठी!" शांताबाईचा जीव वरखाली.

"असू द्या व. आजच्या दिवस तीच मोठी. उद्यापासून कोण पुसते तिले?"

शांताबाईनं नवरी हलवली नाही.

* * *

गोदाबाई-कमळाबाईच्या त्या भांडणाचा एकदा निकाल लावायचं शांताबाईनं ठरवलं. "कमळाबाई, तुम्ही विहीर करा. गोदाबाई, तुम्ही विहीर सोडून काहीही करा. मग बोला."

कमळाबाईची विहीर तयार झाली. विहिरीला पायऱ्या. पायरीवर बेडूक. काठावर पिंपळ, पिंपळाला झोका, झोक्यावर पोरगी, पोरीच्या मागे कुत्रा. विहिरीत मात्र पाण्याला जागा नव्हती, कारण तिथे तिनं कासव बसवलं होतं.

गोदाबाईनं घर केलं. घर होतं आगपेटीएवढं. त्याच्या अंगणात तांब्याएवढी विहीर!

"अवं, घर एवढुसं काऊन?" मी विचारलं.

"इहिरीले जागा सोडली. मंग घर जेवढं मावलं तेवढं केलं."

भांडण होतं तिथेच राहिलं. उलट दोघीही म्हणायला लागल्या की आपलंच खरं ठरलं!

* * *

नागपूरहून मोठे साहेब पाहणीला येणार होते. आमच्या रेंजर साहेबांच्या डोक्यात आलं, डेपोचं एक मॉडेल करून टेबलावर ठेवू. माणूस पाठवून आम्हाला सांगितलं. कमळाबाईला तर आभाळ ठेंगणं! लाकडाचे थर, सॉ मिल, ऑफिस, बंड्या, एवढं वेगवेगळं एका फटक्यात करायला मिळणार!

गोदाबाईनं एकच विचारलं, "डेपोत इहीर हाय ना?"

"हाय," कमळाबाई म्हणाली.

"मंग मी इहीर करते. बाकी तुमी पाहून घ्या."

आता डेपोत विहीर होती, पण तिचा रहाट कधीचा मोडलेला. आम्ही बायका दगडावर दोर घासत पाणी ओढायचो. दोनदा अर्ज झाले, काही हललं नाही. बाळंतीण असो की म्हातारी, ओढा हातानं. चौकीदाराची सून घागरीसकट काठावर पडली होती, नशीब की आत नाही पडली.

मोठे साहेब आले. मॉडेल पाहिलं, मान हलवली. विहिरीपाशी आले, रहाटाला बोट लावलं. बादली वर आली, त्यात पाणी! साहेब लहान मुलासारखे हसले. पुन्हा फिरवलं. पुन्हा पाणी!

"फार सुंदर! चला, खरी विहीर बघू."

रेंजर साहेब म्हणाले, "सर, ऊन फार आहे." तोवर साहेब निघालेसुद्धा. विहिरीवर रहाट नाही, नुसते दोन खांब. दगडाला दोरानं पडलेल्या खाचा. साहेबांनी वळून विचारलं, "हे काय? मॉडेलमध्ये तर होता!"

मागून, पदराआडून गोदाबाईचा आवाज आला.

"मॉडेल पयले पोचलं साहेब! खरा मागून येऊन राह्यला!"

आणि आला. पुढच्या आठवडी बाजाराच्या आत लोखंडी रहाट बसला. रेंजर साहेबांनी मात्र पुन्हा आम्हाला कधी मॉडेल सांगितलं नाही.

* * *

आता लीलाच्या लग्नाचं सांगते.

लीला कमळाबाईची एकुलती एक. मूल गावी सायकलचं दुकान असलेल्या मनोहर नावाच्या मुलाशी जमलं. सगळ्या क्वार्टर्समध्ये एकच चर्चा: पोटच्या पोरीच्या रुखवतात कमळाबाई काय करते?

नुकताच आपला चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. कमळाबाईनं जाहीर केलं, "मी जहाज करते! मुंबईले समुद्र हाय. आपण मुंबईत गेलो, म्हंजे समुद्र आता आपलाच!" समुद्र तिनं कॅलेंडरवर पाहिलेला.

जहाजाचं खालचं अंग झालं आणि तिला मोटारबस सुचली. बस अर्धी झाली आणि तंबूतला सिनेमा सुचला. मग राइस मिल. आम्ही म्हणायचो, "एक तरी पुरं कर व!" ती म्हणायची, "होते ना, होते." पोरीचं लग्न होतं, तिचं मन एका जागी बसत नव्हतं, हे आम्हाला तेव्हा कळलं नाही.

लग्नाचा दिवस उजाडला. टेबलावर बिनशिडाचं जहाज, बिनछपराची बस, पडदा नसलेला सिनेमा. व्याही आले. मिशी मोठी, हसू कुठेच नाही. हात मागे बांधून टेबलाभोवती एक चक्कर मारली.

"हे सारं अर्धंच काऊन हाय?"

आमच्या कमळाबाईला शब्द सापडत नाही, हे मी पहिल्यांदा पाहिलं. तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात मुंडावळ्या बांधलेली लीला पाटावरून उठली.

"मामंजी, आईनं मुद्दाम ठेवलं. म्हणाली, सारंच मी करून देलं तं तू सासरी जाऊन काय करशीन?"

व्याह्यांनी सुनेकडे पाहिलं. मग जहाज उचलून स्वतःच्या काखोटीला मारलं. "मंग बांधा सारं. संगं न्या लागते."

वरात गेल्यावर कमळाबाई चुलीपाशी बसून राहिली. "मी असं कधीच नाई म्हणली व तिले," एवढंच म्हणाली, आणि रडायला लागली.

"पोरीसाठी रडून राह्यली का जहाजासाठी?" गोदाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवून विचारलं.

"थांब. पयले पोरीसाठी रडू दे."

दिवाळसणाला लीला आणि जावई आले. आम्ही तिघी काही ना काही निमित्त काढून कमळाबाईकडे हजर! लीलानं मांडीवरचं गाठोडं सोडलं. आतून जहाज निघालं. पुरं झालेलं! डोलकाठी बांबूची, घासून गुळगुळीत केलेली. शिडं सासूच्या जुन्या लुगड्याची, वर किनारीसकट. शांताबाईनं फूटपट्टी बाहेर काढली आणि परत पिशवीत ठेवली.

आणि जहाजाच्या खाली चार चाकं! सायकलच्या तारेचे केसासारखे आरे. जरा बोट लावलं की जहाज सतरंजीवरून सुळकन पुढे.

कमळाबाईनं जहाज हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं.

"लीला, हे चाकं?"

लीला नवऱ्याकडे तिरपं बघत म्हणाली, "ते चाकंच करतात आई. दुसरं काई करतच नाईत. मामंजी ओरडले, मी ओरडली. आयकत नाईत."

गोदाबाईचा चेहरा असा फुलला की काय सांगू! तिनं आपलं बसकर ओढून जावयाच्या शेजारी घेतलं.

कमळाबाई मात्र गंभीर. "जावईबापू, जहाज पाण्यात चालते. त्याले चाकं कायले लावले?"

मनोहरनं चहाचा कप खाली ठेवला आणि अगदी अदबीनं म्हणाला, "आई, इथून समुद्र लय लांब हाय. तिथवर कसं जाईन ते?"