तिसऱ्या भागाला पहिला नंबर

पडेगावच्या कडूबाला मरणं फार सुंदर जमायचं. छावणीतल्या पागेत तो घोडे चोळायचा, आणि कुणी साहेब बघत नाही असं पाहून भरधाव घोड्यावरून असा काही कोसळायचा की बघणाऱ्यानं तोंडावर हात न्यावा. मग धूळ झटकून उठायचा आणि विडी मागायचा. त्याच पागेतला त्याचा दोस्त गयास एका फिल्म कंपनीच्या घोड्यांबरोबर मुंबईला गेला, तो जाताना यालाही घेऊन गेला. कंपनीला अशीच माणसं हवी होती. कपडे मात्र ज्यानं त्यानं आपलेच आणायचे. म्हणून कडूबाची बायको वच्छलाबाई हिनं त्याला एक काळी बंडी शिवून दिली. पाठ अख्खी, एका कापडाची, मधे जोड नाही. नवरा घोड्यावर बसला म्हणजे जगाला त्याची पाठच दिसणार, एवढी अक्कल तिला होती.

आणि तसंच झालं. कंपनी 'नीलम सवार'चे खेळ काढायची. तोंडावर बुरखा बांधलेली एक धिप्पाड बाई पांढऱ्या घोडीवर बसून पापी वजिराच्या शिपायांना लोळवायची, एवढीच गोष्ट; पण शहरात शाहगंजातलं पत्र्याचं टॉकीज त्या घोडीच्या टापांनी हादरून जायचं. कडूबा वजिराचा शिपाई. त्याचं काम एवढंच की पाठमोरा दौडत यायचं आणि गोळी खाऊन मरायचं. पहिल्या भागात तो कड्यावरून खाली आला. 'नीलम सवार की ललकार'मध्ये तटबंदीवरून. पडेगावचे लोक बैलगाड्या जुंपून आपल्या गावच्या माणसाचं मरण बघायला शाहगंजात यायचे, आणि जाताना खुशीत जायचे.

सून बायस्कोपला जाणार म्हणून गावातल्या बायांनी आधी बरेच दात काढले. सासरा कारभारी गवताची गाडी घेऊन रोज छावणीत जाणारा माणूस, त्याला कुणाची भीड नव्हती. "नवरा बघायला चाललीय ती," तो म्हणाला. "तुमचे तर घरीच बसल्यात, तुमी बघता का त्यांच्याकडं?"

टॉकीजमध्ये कारभारी खाली मर्दान्यात बसायचा आणि वच्छलाबाई मागं जनान्यात. जनान्यापुढं जाड पडदा असायचा. अंधार झाला की जैतुनबी नावाची दारावरची बाई तो सारायची आणि दिवे लागायच्या आत पुन्हा ओढायची. सगळ्या शहराच्या घरातल्या गोष्टी जैतुनबीला त्या पडद्याआड कळायच्या, आणि कळल्या की त्या तिच्या पोटात फार दिवस राहायच्या नाहीत. पण वच्छलाबाईशी तिचं जमलं. कडूबा पडद्यावर आला की ती कोपरानं ढोसायची, "अगे, तुझा आला देख. अब मरता."

तिसरा भाग आला, 'नीलम सवार का बदला', आणि तिथं सगळं बिनसलं.

एक तर तो भाग कुणालाच आवडला नाही. टॉकीजसमोर फारूखची पानपट्टी होती. तिथं बोलपटांचे नंबर लागायचे, आणि तिथं लागलेला नंबर शहरात कुणी हलवू शकायचं नाही. फारूखनं पहिल्याला पहिला दिला, ललकारला दुसरा. बदल्याला त्यानं नंबरच दिला नाही. "नावेत बसून गाणं म्हणती ती," तो अडकित्त्यानं सुपारी फोडत म्हणाला. "अन् घोडी मारून टाकली. घोडी मेल्यावर राहिलं काय? बाई?"

वच्छलाबाईचं दुखणं वेगळं होतं. कडूबा नेहमीसारखा पाठमोरा आला, आणि त्याच्या पाठीवर, उजव्या खांद्याखाली, ठिगळ होतं. काळ्या बंडीवर फिकट कापडाचं, बुट्ट्याबुट्ट्यांचं. पुरुषाच्या कपड्याला असलं कापड कुणी लावत नाही. ते चोळीच्या खणाचं होतं. कडूबाला तर सुईत दोरा ओवता यायचा नाही. लग्न झाल्यापासून त्याची गुंडीसुद्धा तिनंच लावलेली. म्हणजे मुंबईत कुणीतरी आपली चोळी फाडून तिच्या नवऱ्याची पाठ झाकली होती.

तो मेला तेव्हा तिला त्या दिवशी पहिल्यांदाच बरं वाटलं.

"सटवी ठेवलीय त्यानं कुणी," ती पडद्याआड म्हणाली.

जैतुनबीनं पानाची पिंक टाकली. "तो? उसकू कौन रखती? घोड्याचा वास येतोय त्याला." पण दुसऱ्या दिवशी ही गोष्ट बेगमपुऱ्यापर्यंत पोचली होती. कारभाऱ्याच्या कानावर गेली की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. तो माणूस गवत मोजूनसुद्धा तोंडानं आकडा सांगत नसे.

त्यानंतर पावसाळा सरला आणि गयास एकटाच परत आला. कारभाऱ्याच्या अंगणात तो उकिडवा बसला आणि बराच वेळ टोपीच फिरवत राहिला. मग म्हणाला, "पुलावरनं नदीत उडी होती. घोड्यासकट. घोडा भाईर आला."

"अन् कडूबा?" कारभाऱ्यानं विचारलं.

"म्या लई वाट बघितली, चाचा. पानी लई होतं. पण मय्यत नाय देखी म्या. खुदा की कसम, मय्यत नाय देखी."

आता एवढ्यावर काय करायचं. भावकी म्हणाली, दिवस घाला. पोरीचं कुंकू पुसा, बांगड्या फोडा, मेलेल्या माणसाला ताटकळत ठेवू नये. वच्छलाबाई चुलीपुढून उठली नाही. हात पदरात लपवून बसली, जणू आत्ताच कुणी दगड घेऊन येतंय. "पाठवलं का कंपनीनं काही?" ती एवढंच म्हणत राहिली. "बंडी तरी पाठवायची. काहीच नाय म्हंजी मेला कसा?" शेवटी कारभाऱ्यानं मुदत घेतली. खुलताबादचा उरूस होईस्तवर थांबू, तोवर कडूबाची काही खबर आली तर आली. नाही तर उरसानंतर बांगड्या.

खबर कुठून येणार? लढाईचे दिवस, टपालाचा भरवसा नाही. वच्छलाबाई मनगट धरून निजायची. घरातल्या बाया तिच्याशी हळू बोलायला लागल्या, आणि हळू बोलण्यासारखं वाईट काही नसतं. मावळण, म्हणजे कारभाऱ्याची बहीण, तर एकदा तिच्या कपाळाकडं अशी बघत बसली, की जणू पुसून झाल्यावर कसं दिसेल याचा अंदाज घेतेय.

आणि उरूस तोंडावर आला असताना टॉकीजवर फळा लागला: 'नीलम सवार की कसम. नवा कोरा खेळ.'

त्या दिवशी पडेगाव रिकामं झालं. अंधार झाला, जैतुनबीनं पडदा सारला. टापा वाजल्या. वजिराचे शिपाई खिंडीतून आले, आणि त्यांत शेवटचा, पाठमोरा, डावा खांदा किंचित पाडून बसलेला, कडूबा. बंडी काळी. नीलम सवारनं गोळी घातली. कडूबा हात पसरून असा काही मेला की मर्दान्यातली पडेगावची माणसं उठून उभी राहिली. "जित्ता हाय," कुणीतरी ओरडलं, "कडूबा जित्ता हाय." वच्छलाबाईनं जैतुनबीच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि जैतुनबी जन्मात पहिल्यांदा पडदा ओढायचा विसरली.

नवा खेळ म्हणजे आत्ताचा, आणि आत्ताच्या खेळात माणूस आहे म्हणजे माणूस आहे; यात कुणाला शंका घ्यायचं कारणच दिसलं नाही. कारभाऱ्यानं गावात गूळ वाटला. भावकीनं तो खाल्ला. उरूस आला आणि गेला, वच्छलाबाईनं तिथून नव्या बांगड्या भरून आणल्या. ठिगळही गेलं होतं, पाठ अख्खी होती. म्हणजे ती चोळीवालीही गेली. देवानं दिलं तर असं दोन्ही हातांनी द्यावं, असं ती जैतुनबीला म्हणाली.

फारूखच्या पानपट्टीवर मात्र एक वाद उभा राहिला. बदल्यात मेलेली घोडी कसममध्ये जिवंत कशी? "ती दुसरी घोडी," फारूख म्हणाला. "तिची बहीण. मालूम पडतं." कुणी म्हणालं, कानाजवळचा डागसुद्धा तोच आहे. कुणी म्हणालं, इथं कडूबा दर खेपेला मरून येतो ते चालतं, आणि घोडी आलेली चालत नाही होय? वाद एवढा पेटला की टॉकीजवाल्यानं संधी साधली. जुने तिन्ही भाग मागवून त्यानं दर आठवड्याला एक लावायचा ठरवला, शेवटी पुन्हा कसम. बघा आणि मग नंबर लावा.

वच्छलाबाई सगळे बघायला गेली. आता तिला कसली घाई नव्हती, नवरा मरताना मजेत बघायचा होता. पहिल्या भागात बंडी कोरी, शिलाईसुद्धा ताठ. ललकारमध्ये जरा विटलेली. मग बदला लागला, ते ठिगळ पुन्हा आलं, आणि या वेळी राग गेल्यामुळं तिला ते नीट दिसलं. कापड तिथं नुसतं उसवलेलं नव्हतं. पार फाटलेलं होतं. ठिगळाच्या कडेनं फाटका भाग दुमडून आत घातला होता.



ठिगळ काढता येतं. पण फाटकं कापड पुन्हा सलग होत नाही, हे शिवणारणीला कुणी सांगावं लागत नाही. पुढच्या आठवड्यात कसम लागला तेव्हा ती जनान्यात अगदी पुढं सरकून बसली. तीच बंडी. गळ्याजवळ तिनंच चुकून जास्त घेतलेला तोच टाका. पाठ अख्खी. म्हणजे हे आधीचं होतं. गावात शेवटी आलं म्हणून शेवटचं झालं, नंबर गावानंच दिलेले. फिल्मच्या पेट्या कधी मनमाडकडून यायच्या, कधी हैदराबादकडून, गावोगाव फिरत, जालन्याला मुक्काम करत. ही पेटी कुठंतरी अडकून बसली होती एवढंच. घोडी मेल्यावर जिवंत झाली नव्हती. ती अजून मेलीच नव्हती. आणि कडूबाही.

पडद्यावर तो मेला. खाली लोकांनी टाळ्या पिटल्या. वच्छलाबाई मनगटातल्या उरसाच्या बांगड्यांवर पालथा हात ठेवून बसून राहिली.

"काय झालं गे?" जैतुनबीनं विचारलं.

"काय नाय. डोकं धरलंय." जैतुनबीला सांगणं म्हणजे भावकीला सांगणं, आणि भावकी म्हणजे दगड.

दुसऱ्या दिवशी ती पागेत गयासकडं गेली. रात्रभरात तिनं एक गोष्ट पक्की केली होती. कडूबा नदीतून निघाला असेल आणि तरी घरी आला नसेल, तर त्याला एकच कारण असू शकतं. ते कारण तिला हवं होतं. ज्या बाईला तिनं सटवी म्हटलं होतं, तिच्याशिवाय आता तिला जगात कुणाचा आधार नव्हता.

"गयासभाऊ," ती म्हणाली, "खरं सांगा. त्याची तिथं कुणी बाई व्हती ना? मी रागवत नाय."

गयासनं घोडा चोळायचा खरारा खाली ठेवला आणि दोन्ही कान पकडले. बिचाऱ्याला वाटलं, हिचं मन राखावं. "तोबा, भाभी. कडूबा असला नव्हता. तुमच्याबिगर नाव नाय घेतलं त्यानं कुणाचं."

"नीट आठवा. कुठं जात असंल, कुनाच्यात जेवत असंल."

"कुरान उचलतो, भाभी. एकदम नेक आदमी."

वच्छलाबाईचं तोंड असं उतरलं की गयासला कळेना, आपण सांत्वन केलं की शिवी दिली. ती तशीच उभी राहिली, घोड्याच्या पाठीकडं बघत. मग म्हणाली, "तुमी कशापायी खोटं बोलता, भाऊ," आणि ते इतक्या आशेनं म्हणाली की त्याला मान खाली घालावी लागली.

त्या आठवड्याअखेरीस नंबर लागले. कारभारी गाडी जुंपत होता आणि वच्छलाबाई गवताच्या पेंढीवर बसली होती, तेव्हा फारूख पानपट्टीवरून म्हणाला, "चाचा, सूनबाईनं सगळे भाग बघितल्यात. त्यांचा पहिला नंबर कुणाला, ते विचारा. आमचा तर कसमला."

परक्या माणसाला तिनं उत्तर द्यायचं नव्हतं, तरी ती बोलली. "बदल्याला."

पानपट्टीवर जो हशा पिकला तो घोडे बिचकण्याइतका होता. नावेतलं गाणं आवडलं वाटतं, कुणी म्हणालं. फारूखनं सुपारी तोंडात टाकून विषय मिटवला.

गाडी छावणीच्या झाडांखालून पडेगावच्या वाटेला लागली. कारभारी बैलांच्या शेपटीकडं बघत बसला होता. मग तो म्हणाला, "पोरी, त्या ठिगळाचं कापड कसलं गं?"

म्हणजे म्हाताऱ्यानंही बघितलं होतं. म्हणजे गूळ वाटला तेव्हा, का त्याच्याही नंतर, कधी कळलं होतं त्याला?

"चोळीचं," ती म्हणाली. "खणाचं हाय, मामंजी."

"बाईचं."

"व्हय. बाईचंच."

कारभाऱ्यानं बैलाच्या पाठीवर उगीच हात फिरवला. "मग असंल," तो म्हणाला. "असंल कुणीतरी."

भावकीपुढं दोघांनीही यातलं काही काढलं नाही.

बदल्याची पेटी जालन्याला जायच्या आधी टॉकीजवाल्यानं तो भाग एक दिवस आणखी लावला. बघायला माणसं थोडीच होती. नावेतलं गाणं झालं, घोडी मेली, कडूबा पाठमोरा आला आणि कोसळला. वच्छलाबाईनं त्याच्याकडं बघितलंच नाही. त्याच्या आधी एका बाजाराचा देखावा होता. वजिराचे शिपाई दुकानं लुटतात आणि कंपनीच्या पाचपन्नास बाया किंचाळत इकडून तिकडं पळतात. ती पडद्याची कड धरून त्या पळणाऱ्या बायांच्या चोळ्या बघत होती. बुट्टी त्या ठिगळाचीच पाहिजे. बाया भराभर निघून जात होत्या, ती एकेकीला डोळ्यांनी धरायला बघत होती, आणि खाली मर्दान्यात, रिकाम्या बाकांमधे, कारभारीही अर्धवट उठून उभा राहिला होता.