आमच्या पिकअपमधलं वऱ्हाड

माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलेल्या मुहूर्तावर लागलं नाही. याला आमची जुनी पिकअप कारणीभूत झाली, असं आमच्या घरात कुणीही म्हणत नाही. सगळे सरळ माझं नाव घेतात. इतकी वर्षं ऐकतोय. आता भांडायचाही कंटाळा येतो.

ही पिकअप मी बेळगावला लष्करी मालाच्या लिलावात घेतली होती. उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्या वाहायच्या आणि पाऊस लागला की गोठ्याशेजारी माडाच्या झापांच्या आडोशाला उभी करायची. पावसाळाभर तिची देखभाल माझे वडील, आबा, करायचे. जन्मभर गलबतावर तांडेल होते. आता दर्या सुटला, म्हणून हाताला लागेल त्या वस्तूची डागडुजी करत बसायचे.

त्या वर्षी तुळशीची लग्नं आटोपली आणि लगेच आमच्या वसंताचं लग्न निघालं. मुलगी बांद्याची. मुहूर्त भर दुपारचा. वऱ्हाड एस.टी.ने न्यावं असं सगळ्यांचं मत होतं.

"घरात गाडी आसताना एस.टी. कित्याक?" मीच म्हणालो.

मोटारीतलं घरात एकट्या मला कळतं, अशी सर्वांची समजूत होती. माझ्या लग्नाआधी मी कोल्हापूरला एका मोटार सर्व्हिसमध्ये नोकरीला होतो ना! (तिकिटं फाडायला. पण ते कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.)

उजाडता उजाडता हँडल मारलं आणि गाडी चक्क सुरू झाली! मागे गवताच्या पेंढ्यांवर वऱ्हाड बसलं, मुंडावळ्या बांधलेला वसंता आईशेजारी बसला, आणि आम्ही निघालो. कट्टा गाव यायच्या आधीच गाडीला उचकी लागली. मग खोकला. मग एक लांब सुस्कारा टाकून ती रस्त्याच्या मधोमध गप्प झाली.

"काय झाला रे बाबल्या?" आईनं मागून विचारलं.

"प्लग!" मी न बघताच सांगितलं.

प्लग काढले, घासले, पुसले. पुसायला हाताला लागलं ते पांढरं फडकं घेतलं. (तो अंतरपाट होता. हे मला बोहल्यासमोर कळलं.) पुन्हा हँडल मारलं, आणि गाडी धडधडून सुरू झाली! मी बाह्या सावरत वऱ्हाडाकडे बघितलं. वसंताच्या डोळ्यांत माझ्याविषयी आदर होता. तो शेवटचा.

थोडं पुढे गेलो. उचकी, खोकला, सुस्कारा.

आता मी कार्बुरेटर खोलला. त्यात कचरा अडकला असणार म्हणून तोंडानं फुंकर मारायला गेलो, आणि फुंकायच्या ऐवजी ओढलं! पुढे दिवसभर मला पेट्रोलचे ढेकर येत होते आणि विडी ओढणारे माझ्यापासून लांब बसत होते. पण गाडी सुरू झाली. आणि पुढच्या चढावर परत बंद पडली.

"दिष्ट लागली गाडयेक," आई म्हणाली. "चार म्हयने ऱ्हवली ती येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत."

तिनं पिशवीतून मीठ-मिरच्या काढल्या, खाली उतरून गाडीभोवती फेरी घातली, बॉनेटवरून ओवाळून मिरच्या रस्त्याकडेला जाळल्या. सगळं वऱ्हाड खोकलं. मी कपाळाला हात लावून बसलो होतो. कंटाळून हँडल मारलं, आणि गाडी सुरू!

"बघ," आई म्हणाली. "तुज्या पलगान काय जावचा नाय होता."

मी स्टेअरिंगवर बसलो आणि गाडी सोडली. दृष्ट काढलेली गाडी माझ्या प्लगपेक्षा लांब गेली होती! पण तीही गेली ती कसालपर्यंतच. आता पुढे आले आमचे शेजारी गणूतात्या. गावात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. देवापुढे कुणाचंही म्हणणं मांडायचं तर आवाज लागतो, आणि तो त्यांना होता. त्यांनी टोपी सारखी केली, चाकासमोर नारळ ठेवला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ही जी काय गाडी हय वाटेर अडान ऱ्हवली आसा, तेच्यात कोणाचा काय आडवा इला आसात..."

"व्हय म्हाराजा!" वऱ्हाड ओरडलं.

"...तर ता दूर कर आणि लेकराक येळेर बोवल्यार उभो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सर्वांत मोठ्यानं वसंता ओरडला. गाऱ्हाणं लांबलं. आमच्या सात पिढ्यांच्या सगळ्या चुका पोटात घालून झाल्या. मग हँडल मारलं, आणि गाडी अशी पळाली की बोलायची सोय नाही! तात्या मागे उभे राहून मिशीवर हात फिरवत होते. पुढे गाडी बंद पडली तेव्हा ते धाडकन आईच्या अंगावर बसले.

मग पाठीमागे वादच सुरू झाला. कुणाच्या उपायानं गाडी जास्त चालली? आईच्या पक्षात बायका, तात्यांच्या पक्षात पुरुष. माझ्या पक्षात कुणीच नाही. आबा तेवढे शांत होते.

"दर्यात शीड फाटला तरी मी गलबत बंदराक लावलंय," ते मला म्हणाले. "तुका साधी गाडी बांद्याक लावक जमना नाय?"

उन्हं चढली. नवरदेव ढकलून ढकलून इतका घामाघूम झाला की त्याची हळद गाडीच्या मागच्या फळीला लागली. मी पॉइंट घासले, वायरी ओढल्या, पंख्याचा पट्टा बदलला, बॅटरीला शिव्या दिल्या. प्रत्येक वेळी गाडी सुरू व्हायची आणि जरा पुढे जाऊन बसायची. कुडाळ आलं तेव्हा मला लग्न, बांदा, मोटार, कशातच राम वाटेनासा झाला होता.

तिथं पेट्रोल भरायला थांबलो. टाकीचं झाकण फिरेना! मी जोर लावला, वसंतानं लावला. शेवटी पान्यानं ठोकलं. झाकण निघालं आणि टाकीनं एवढ्या जोरानं 'हुश्श' करून हवा आत ओढली की पेट्रोल भरणारा मागे सरला.

मी झाकण उलटंपालटं करून बघितलं. त्याच्या भोकात आणि कडेनं कापूस ठासला होता. वर राळ-तेलाचा जाड थर. होडीच्या फटी बुजवतात, अगदी तस्सा!

"आबा, ह्या काय?"

"काय म्हणजे? झाकणाक भोक होता, भोक!" आबा अभिमानानं म्हणाले. "पावसाचा पाणी आत जायत होता. मी बुजवन टाकलंय. थेंब जावचो नाय आता."

घासलेटच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गळत नाही, हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक होतं. हवा आत गेल्याशिवाय पेट्रोल तरी बाहेर कसं येणार? गाडी जरा वेळ उभी राहिली की कुठून तरी चिमूटभर हवा शिरायची आणि ती सुरू व्हायची. मग माझे प्लग काय, मिरच्या काय आणि गाऱ्हाणं काय! नुसतं गप्प बसून राहिलो असतो तरी तेवढीच पुढे गेलो असतो. मी राळ खरवडली, खिळ्यानं भोक मोकळं केलं. आबा दुखावल्यासारखे बघत होते.

तिथून गाडी वाऱ्यासारखी बांद्याला गेली. मुहूर्त मात्र केव्हाच टळला होता. मुलीचे वडील पुलापाशी उन्हात उभे होते. ते रागावलेही नाहीत, नुसते मटकन खाली बसले. भटजींनी पंचांग चाळून संध्याकाळचा मुहूर्त काढला. माझ्या काळ्या बोटांचे ठसे असलेला अंतरपाट धरला गेला. पलीकडून मुलगी हसली, आणि तेवढंच त्या दिवशी बरं झालं.

पहिली पंगत उठली आणि मी मांडवामागे चटयांच्या ढिगावर जरा टेकलो. डोळे उघडले तेव्हा दुसऱ्या दिवशीचं ऊन वर आलं होतं आणि मुलीचे वडील माझ्याकडे बघत होते.

"पावणे, तुमी हयच?"

वऱ्हाड केव्हाच गेलं होतं! वसंतानं नवी नवरी शेजारी बसवून स्वतःच गाडी चालवत नेली होती. मी एस.टी.ने धक्के खात घरी पोचलो तेव्हा आई पायरीवर तांदूळ निवडत होती.

"मी ऱ्हवलंय मागे, ह्या कोणाच्याच ध्यानात इला नाय?" मी विचारलं.

"इला तर!" आई सुपातून मान वर न करता म्हणाली. "गाडी एकदापण बंद पडली नाय, तेव्हाच आमका कळला तू गाडयेत नाय ता."