ग्वेन ट्रास्कचं फाटक

ऑल्डकोमच्या आसपास पळायचं तर क्लाइव्ह पेटिफरला विचारल्यावाचून कुणी पळत नसे. डॉर्सेट परगण्यातल्या त्या बुटक्या टेकड्यांमध्ये एकतीस वर्षं त्याने टपाल वाटलं होतं. कुठली पायवाट कुणाच्या गोठ्यामागे निघते, कुठला कुत्रा नुसताच भुंकतो आणि कुठला पोटरी धरतो, हे त्याला तोंडपाठ. निवृत्त झाला आणि गडी पळायलाच लागला. दर गुरुवारी संध्याकाळी पळणारं गावातलं दहा-बारा जणांचं टोळकं त्याच्या भोवती जमलं. त्यांच्यासाठी त्याने चौदा वाटांचे चौदा कागद लिहिले. ‘चर्चपासून निघा. ओढ्यावरचा लाकडी पूल ओलांडून डावीकडे. सफरचंदांच्या बागेला वळसा घाला, तिथली म्हातारी हात करते, तिला हात करा.’ असं मायेनं लिहायचा. आणि प्रत्येक कागदाच्या तळाशी लाल अक्षरांत एकच ओळ: फाटक बंद करा, कडी दोनदा हलवून पाहा.

खरं तर शेतातून जाण्याचा तिकडचा रिवाज असा नाही. फाटक जसं सापडेल तसं सोडायचं. बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. शेतकऱ्याने ते तसं ठेवलंय त्याला काही कारण असतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. क्लाइव्हला कळत नव्हतं का? पण त्याचं म्हणणं, शहरातून आलेल्यांना एवढा पोच कुठला! त्यांना एकच सांगावं, बंद करा म्हणून. आणि सांगायचा तरी किती! कुणी कडी नीट लावली नाही तर पबमध्ये चारचौघांत त्याची हजेरी घ्यायचा. “का रे, घरी संडासाचं दारही असंच सताड ठेवतोस का?” सगळे हसायचे. ज्याला बोललं तो सोडून.

त्या ऑगस्टात तीन आठवडे पाऊस नव्हता. गवत तांबूस झालं होतं. सोमवारी सकाळी क्लाइव्ह नववी वाट तपासायला एकटाच निघाला. ग्वेन ट्रास्कच्या वरच्या कुरणापाशी आला तर फाटक सताड उघडं, आणि वर नारिंगी सुतळीने खांबाला बांधलेलं. त्याचं डोकंच फिरलं. “कोण गाढव आहे हा!” एवढी नीट बांधलेली गाठ बघून त्याने एक क्षण तरी थांबायला नको का? पण नाही. गाठ सोडली, फाटक लावलं, कडी दोनदा हलवून पाहिली आणि सुतळी खिशात घातली. सुतळीचा तुकडा मेंढीच्या पोटात जातो म्हणून दिसला की तो उचलायचाच. फार चांगलं काम केल्यासारखा पुढे पळत गेला.

वरच्या कुरणातली मेंढ्यांची पाण्याची डोण आटली होती. ओढा फाटकाच्या पलीकडे, खालच्या कुरणात. मेंढ्यांना खाली जाता यावं म्हणून ग्वेनने रविवारी ते फाटक बांधून ठेवलं आणि डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ती बहिणीकडे वेमथला गेली. सत्तरी ओलांडलेली विधवा बाई, नवरा हॅरी गेल्यापासून घरात दुसरं कुणी नाही. गुरुवारी दुपारी परत आली तर फाटकाला टेकून पाच मेंढ्या मरून पडलेल्या.

त्याच संध्याकाळी ती पबमध्ये आली. एका डोळ्यावर पट्टी. टोळकं नुकतंच पळून येऊन बसलेलं.

“माझं वरचं फाटक कुणी लावलं?” तिने विचारलं. “मी उघडं ठेवलं होतं. पाण्यासाठी. पाच गेल्या माझ्या.”

क्लाइव्हचा हात आपोआप खिशात गेला. तीच चड्डी, तोच खिसा. सुतळी बोटांना लागली. बोल, बोल मेल्या, असं मन म्हणत होतं. तोंड मात्र शिवल्यासारखं.

कोपऱ्यातून डोरोता उठली. पोलंडहून आलेली, वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची उसाभर करणारी मुलगी. टोळक्यात येऊन तिला जेमतेम चार महिने झाले होते. क्लाइव्हचे कागद ती घडी घालून मोज्यात ठेवून पळायची.

“मी मंगळवारी गेले होते त्या वाटेनं,” ती म्हणाली. “मला नीट आठवत नाही. पण मी सगळी फाटकं बंद करते. कागदावर तसंच लिहिलंय. मीच केलं असणार.”

ग्वेन तिच्याकडे बघत राहिली. मग निघून गेली. टोळक्यातला नॉर्मन कुजबुजला, “बाहेरच्यांना काय कळणार म्हणा!” आणि क्लाइव्हने, आपल्या क्लाइव्हने, समोरचा ग्लास उचलून एक घोट घेतला. त्या घोटाची त्याला पुढे जन्मभर लाज वाटली.

डोरोता गुरुवारी यायची बंद झाली. रविवारी सुट्टीच्या दिवशी ती ग्वेनच्या शेतावर दिसू लागली. मेंढ्यांना पाणी घाल, कुंपण दुरुस्त कर. गाव म्हणायचं, पोरगी गुणी आहे, चूक झाली पण निस्तरते आहे. हे ऐकलं की क्लाइव्हला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पळायला निघायचा आणि वळणावरून परत यायचा. आपल्याच हस्ताक्षरातली ती लाल ओळ त्याला बघवेना. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! कबूल करावं तर एकतीस वर्षांची इभ्रत जाते. न करावं तर ती मुलगी त्याच्या वाटणीची माती उकरते आहे. असे दोन रविवार गेले.

त्यानंतरच्या सोमवारी तो ग्वेनच्या दारात उभा राहिला. तिने पट्टी काढलेली होती. त्याने खिशातून सुतळी काढून उंबऱ्यावर ठेवली.

“ठाऊक आहे मला,” ग्वेन म्हणाली. “पहिल्याच रविवारी मी सुतळीचं विचारलं, तर ती पोरगी म्हणाली, सोडल्याचं मला आठवत नाही. तेव्हाच कळलं. दुसऱ्या कुणी ती तिथंच टाकली असती रे. गाठ सोडून खिशात घालून नेणारा या मुलखात तूच एक.”

“मग बोलली का नाहीस?”

“माझा हॅरी अंथरुणावर होता तेव्हा बर्फातून त्याची औषधं तू दारात आणून दिलीस. म्हटलं, येईल. उशिरा का होईना, येईल. पण एवढा उशीर करशील असं वाटलं नव्हतं.”

“मला माफ कर, ग्वेन.”

“मेंढ्यांचं मी बघते. माझ्या पाया पडून काय उपयोग? जिचं घेतलंस तिला दे जा. आणि एकटीला गाठून नाही, जिथं गप्प बसलास तिथंच.” तिने सुतळी उचलून त्याच्या हातात दिली.

गुरुवारी क्लाइव्ह स्वतः वृद्धाश्रमात जाऊन डोरोताला बोलावून आला. का ते सांगितलं नाही. पबमध्ये सगळे बसले तेव्हा तो उभा राहिला आणि सुतळी टेबलावर ठेवली. “ग्वेनचं फाटक मी लावलं. सोमवारी. ही त्याचीच सुतळी, त्या दिवशी माझ्या खिशात होती. हिने काहीही केलेलं नाही. मी इथेच बसलो होतो आणि गप्प राहिलो.”

नॉर्मनने नजर खाली घातली. कुणी हसलं नाही, कुणी रागावलंही नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

डोरोताने सुतळी हातात घेतली.

“म्हणजे मंगळवारी मी गेले तेव्हा फाटक बंदच होतं?”

“बंदच होतं.”

“मी नुसतं उघडून, परत लावून गेले असेन?”

“हो.”

“मेंढ्या तिथंच उभ्या होत्या, क्लाइव्ह. फाटकाला चिकटून. एवढं आठवतं मला,” ती म्हणाली. “मला वाटलं, मला बघायला आल्यात. मी बाहेर पडले, कडी लावली आणि तुमच्या कागदाप्रमाणे ती दोनदा हलवून पाहिली.”