लाल चौकटीतली समीकरणं

पत्रकांच्या घड्या घालत वाढलेल्या माणसाला कोरा कागद बघवत नाही. लालबागच्या आमच्या खोलीत ताटाखालीही कुठल्यातरी निषेधसभेचं पत्रक असायचं. त्यामुळे चाळीच्या अभ्यासिकेसाठी दहावीच्या बीजगणिताचा सरावसंच करताना मी प्रत्येक समीकरण स्केचपेनने लिहिलं, फोटो काढला, लाल चौकट घातली आणि वर्डमध्ये चिकटवलं. भिंतीवर लावावा असा झोकदार संच झाला.

अभ्यासिकेतल्या एका मुलीला दिसत नाही. लॅपटॉप तिला पडद्यावरचं वाचून दाखवतो. शाळेतल्या बाई तिला म्हणाल्या होत्या, "सोपं गणित घे, हे झेपणार नाही." तिने शनिवारच्या चाचणीपर्यंत मुदत मागितली. पास झाली तरच बीजगणित राहणार होतं. मी पेटून उठले. हिला अडवणारे हे कोण? बुधवारी तावातावाने तिच्या घरी जाऊन फाइल उघडली.

लॅपटॉप म्हणाला, "चित्र. चित्र. चित्र."

"ताई, गणितं कुठायत?"

मोरीतून तिची आई ओरडली, "गो, तेका सर्दी झाली काय? घसो अडकल्यासारख्या ताच ताच बोलता!"

अडवणाऱ्यांत मीच पहिली निघाले.

चित्राला वर्णन जोडलं की लॅपटॉप ते वाचतो, असं कळलं. गुरुवारी लिहून नेलं. लॅपटॉप खड्या आवाजात सुरू झाला, "साथींनो, पिढ्यान्‌पिढ्या अज्ञात ठेवला गेलेला हा एक्स..."

ती हसून खाटेवर आडवी झाली. "सभा संपली की समीकरण सांग हां. आणि मला एकेक तुकडा मागेपुढे ऐकायला लागतो गं. इन्सर्टमध्ये इक्वेशन आहे, तिथे टाईप कर ना."

शुक्रवारी केलं. प्रत्येक चौकट पुसताना जीव तुटत होता. पण लॅपटॉप शहाण्यासारखा बोलला, "एक्स स्क्वेअर्ड प्लस फाइव्ह एक्स प्लस सिक्सटीन इक्वल्स झिरो." बाण दाबत तिने एकेक पद पुन्हा ऐकलं.

"ताई, याला उत्तर नाही."

"हार मानायची नाही! उत्तर मिळवायचंच असतं!"

"अगं, पंचवीस वजा चौसष्ट, ऋण येतं. मुळं कुठून आणू? सोळा नाही, सहा असणार."

स्केचपेनच्या कागदावरही सोळाच होतं. अभ्यासिकेतली डोळस पोरं तीन दिवस त्याच्याशी झुंजत होती. एकाने तर उत्तरही काढलं होतं.

शनिवारी ती पास झाली, बीजगणित राहिलं. मी अभ्यासिकेच्या दारावर दुरुस्तीचं पत्रक लावलं. लाल चौकटीत. सवय.

"मला कोण वाचून दाखवणार?" तिने विचारलं.

मग मी गॅलरीत उभी राहिले आणि सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात माझी चूक वाचली.

तिची आई दारातून म्हणाली, "हिका मात्र कधी सर्दी होत नाय, घसोय बसत नाय."