आजचं ट्युटोरियल शेवटचं निघालं

मंडळी, कॉलेजातून आत्ताच घरी आलेय आणि कशातच मन लागत नाहीये.

बीएस्सीला आमचं फिजिक्सचं ट्युटोरियल ऐच्छिक असतं. हजेरी घेत नाहीत, म्हणून सेमिस्टरभर मी गेलेच नाही. त्या वेळात आमचा ग्रुप भाट्याला समुद्रावर जायचा. परीक्षा जवळ आली म्हणून आज पहिल्यांदा गेले, तर वर्गात एकटी साक्षी. ती लांबच्या मालगुंड गावाहून एसटीने येते.

माझं अडलेलं गणित सरांनी माझ्याच हातून सोडवून घेतलं. खूश होऊन म्हटलं, "सर, आता दर शनिवारी येईन."

सर म्हणाले, "अगं, आजचं शेवटचं. एकीसाठी चालवता येणार नाही, असं वरून सांगितलंय."

बाहेर आल्यावर साक्षीला विचारलं, "आता तू काय करशील गो?"

"बघू. आमच्याकडे शिकवणी नाही. तू आधी आली असतीस तर दोघी झालो असतो."

ती रागावली नव्हती, तेच जास्त लागलं.

जायचं की नाही हा फक्त माझा प्रश्न आहे, असं मी धरून चालले होते. सोमवारी ग्रुपला घेऊन सरांकडे जाणार आहे. असं बंद झालेलं कुणाकडे पुन्हा सुरू झालंय का?